पाच-सहा मीटर पाण्याखाली जाण्यापूर्वी

पावसाळा सरला की मालवण-तारकर्लीच्या सहलींबरोबर स्कूबा डायव्हिंगविषयीची पत्रेही येऊ लागतात. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रांतील खासगी तपशील गाळला आहे.

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पती-पत्नी, पंधरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा असे चौघे मालवणला जाणार आहोत. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे पाणी पाच-सहा मीटरच खोल असल्यामुळे वेगळी तयारी लागत नाही, आदल्या दिवशी फोन केला तरी पुरते, असे आम्हांला सांगण्यात आले. हे खरे मानावे काय? दिवस आणि वेळ निवडताना काय पाहावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पाणी उथळ आहे हे खरे आणि सोयीचेही आहे, परंतु त्यावरून तयारी लागत नाही असा निष्कर्ष निघत नाही. समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा सुमारे एक बार दाब असतो आणि पाण्यात दर दहा मीटरला त्यात आणखी एका बारची भर पडते. त्यामुळे पृष्ठभागावरून दहा मीटर खाली जाईपर्यंत दाब दुप्पट होतो आणि कानातील व सायनसमधील हवेचे आकारमान निम्म्यावर येते. पुढे वीस मीटरवरून तीस मीटरवर जाताना तेच आकारमान केवळ एक चतुर्थांशाने घटते. म्हणजे शरीरातील हवेच्या पोकळ्यांना सर्वांत मोठा बदल सोसावा लागतो तो पहिल्या दहा मीटरांत, आणि नवशिक्यांना नेमके तेथेच नेले जाते.

या बदलाची पहिली जाणीव कानाला होते. आपण सांगलीहून घाट उतरून कोकणात जाल तेव्हा कानाला दडा बसेल. सहा-सातशे मीटरचा घाट उतरताना दाबात जितका फरक पडतो, तितका पाण्यात साधारण पाऊण मीटर खाली जाताच पडतो. घाटात नाक चिमटीत धरून आवंढा गिळल्यावर किंवा अगदी हळुवार फुंकर मारल्यावर दोन्ही कान मोकळे होतात की नाही, हे चौघांनीही पाहून ठेवावे. पाण्यात हीच क्रिया पृष्ठभागावरच सुरू करावी आणि उतरताना दर हातभर अंतरावर करीत राहावे. कान दुखू लागेपर्यंत थांबणे ही चूक आहे, कारण तोवर कानाकडे जाणारी नळी दाबाने मिटलेली असते आणि मग जोर लावल्यास पडद्याला, क्वचित आतल्या कानालाही, इजा होते. कान मोकळा होत नसेल तर प्रशिक्षकाला खूण करावी, अर्धा-एक मीटर वर यावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. तरीही जमले नाही तर त्या दिवशी वर यावे. पैसे भरले आहेत म्हणून दडा बसलेल्या कानाने तळ गाठणारे पर्यटक दर हंगामात असतात, आणि पुढचे काही दिवस ते कानात थेंब घालत बसतात. सर्दी असेल तर डुबकी रद्दच करावी. नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण त्याचा परिणाम पाण्याखालीच ओसरला तर वर येताना हवा आत अडकून राहते.

दुसरी बाब श्वासाची. सिलिंडरमधून श्वास घेत असताना तो रोखून धरायचा नाही, हा स्कूबाचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. वर येताना दाब घटतो, फुप्फुसातील हवा फुगते आणि तिला वाट मिळाली नाही तर फुप्फुसाच्या पेशी फाटतात. पोहण्याच्या तलावाच्या खोलीवरूनही अशी इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. त्यामुळे पाच मीटर पाण्यात घाबरून श्वास कोंडून झटकन वर येणे निर्धोक मानता येत नाही. आपल्या मुलीला हा नियम आदल्या रात्री समजावून सांगा आणि सकाळी तिच्याच तोंडून पुन्हा वदवून घ्या.

आता दिवस आणि वेळ. मालवणच्या समुद्रात अडचण येते ती बहुधा पाण्याच्या नितळपणाची. उत्तरेला कोळंबची खाडी आहे, दक्षिणेला देवबागपाशी कर्ली नदी समुद्राला मिळते, आणि पावसाळ्यात वाहून आलेला गाळ निवळायला वेळ लागतो. म्हणून ऑक्टोबरपेक्षा डिसेंबर-जानेवारी बरे. परंतु चांगल्या महिन्यातही उधाण असेल तर तळची वाळू ढवळली जाते आणि हात लांब केल्यावर बोटे धूसर दिसावीत अशी स्थिती येते. शाळेच्या भूगोलात आपण शिकलो त्याप्रमाणे अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती-ओहोटी असते. समुद्र चंद्राच्या मागून एक-दोन दिवसांनी प्रतिसाद देतो, त्यामुळे पाण्याची हालचाल सर्वांत कमी असते ती बहुधा नवमी ते एकादशीच्या दरम्यान, पक्ष कोणताही असो.

यातच किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा जोडावा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. दशमीला ती साडेसातच्या सुमारास आणि एकादशीला सव्वाआठच्या सुमारास येते. ठिकाणानुसार ही वेळ मागेपुढे होते, म्हणून प्रत्यक्षात त्या बंदराचे भरतीचे वेळापत्रकच पाहावे. मात्र बाहेरचे स्वच्छ पाणी भरतीबरोबर आत येते आणि पूर्ण भरतीला प्रवाह काही काळ थबकतो, त्यामुळे दशमी-एकादशीची सकाळ दोन्ही हिशेबांनी सोयीची पडते. शिवाय दुपारनंतर खारे वारे जोर धरतात आणि पाणी खळबळते, हेही सकाळच्याच बाजूने बोलते. एकादशीचा उपवास असेल तर मात्र अगदी रिकाम्या पोटी होडीत बसू नये. राजगिऱ्याचा लाडू आणि केळे चालेल, तेलकट साबुदाणा वडा नको.

तेव्हा सुट्टीत निदान दोन सकाळ मोकळ्या ठेवा. पहिल्या दिवशी पाणी गढूळ असेल किंवा वारा असेल तर दुसऱ्या दिवशी जाता येईल. परतीच्या गाडीच्या दिवशीच डुबकी ठरवली की ती रद्द करणे मनाला पटत नाही, आणि चुकीचे निर्णय बहुतेक वेळा तेथेच घेतले जातात.

आपल्या मुलाविषयी स्पष्ट सांगतो. आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थांनी समुद्रातील चाचणी डुबकीसाठी किमान वय दहा वर्षे ठेवले आहे. आठ वर्षांच्या पुढील मुलांना तलावात, दोन मीटरपर्यंतच उतरवतात. तो नऊचा आहे, म्हणून अर्जावर त्याचे वय दहा लिहू नये. त्याला पृष्ठभागावरून मास्क आणि श्वासनळी लावून पाहू द्या, अंगात जीवरक्षक जाकीट असू द्या, आणि त्या वेळी आपल्यापैकी एक जण वर त्याच्यासोबत राहा.

राहिला प्रश्न केंद्र निवडण्याचा. फोनवर दर विचारण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र चालू आहे का, पहिल्यांदा उतरणाऱ्या एका व्यक्तीमागे एक प्रशिक्षक पूर्ण वेळ असेल का, होडीत आणीबाणीसाठी प्राणवायूचा संच आहे का, आणि उतरण्यापूर्वी वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतली जाते का. शेवटच्या प्रश्नावर समोरची व्यक्ती हसली, तर दुसरीकडे फोन करावा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तेथेही चौकशी करता येईल. व्हिडिओ फुकट मिळतो का, हे सर्वांत शेवटी विचारले तरी चालते.

प्रश्न : मी एकसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. पोहता येत नाही. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, पूर्वी सायनसचा त्रास होता. भाचे कंपनी म्हणते, "मावशी, पाठीला ऑक्सिजनचे सिलिंडर असते, काही करावे लागत नाही." मी उतरावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : भाचे कंपनीच्या वाक्यातील दोन्ही भाग दुरुस्त करावे लागतील. सिलिंडरमध्ये शुद्ध प्राणवायू नसतो. आपण एरवी घेतो तीच हवा, म्हणजे सुमारे एकवीस टक्के प्राणवायू आणि उरलेला बहुतांश नायट्रोजन, गाळून आणि दाबून भरलेली असते. आणि काही करावे लागत नाही, हे तर अजिबात खरे नाही. पाण्यात तोल राखण्यासाठी अंगात घातलेल्या फुगणाऱ्या जाकिटातील हवा, खोली आणि दिशा प्रशिक्षक सांभाळतो; कान मोकळे करणे, सावकाश श्वास घेत राहणे आणि त्रास होताच खूण करणे ही तीन कामे मात्र आपलीच असतात.

वय हा अडथळा नाही. रक्तदाब नियंत्रणात असेल, जिना चढताना धाप लागत नसेल आणि हृदयविकार नसेल, तर अनेकांना डॉक्टर परवानगी देतात. तथापि ती परवानगी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावी आणि गोळीचे नाव त्यांना सांगावे, कारण रक्तदाबाच्या काही औषधांनी हृदयाची गती वाढण्यावर मर्यादा येते. सायनससाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. दमा, फिट्स, फुप्फुसाभोवती हवा साचून फुप्फुस मिटण्याचा पूर्वीचा आजार, कानाची शस्त्रक्रिया किंवा इन्सुलिनवर असलेला मधुमेह असणाऱ्यांनी तर तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय पाण्यात पाऊलही टाकू नये. गर्भवतींनी स्कूबा करूच नये.

पोहता न येणाऱ्यांनाही चाचणी डुबकी दिली जाते, हे खरे आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. ज्यांना पाण्यावर दोन मिनिटेही निश्चिंत तरंगता येत नाही, त्यांना तोंडावर पाणी आले की होणारी घालमेल ही बुद्धीने आवरण्याची गोष्ट नसते, आणि घालमेल झाली की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे श्वास रोखून वर झेपावणे. त्यामुळे आपण या हंगामात नाशिकच्या एखाद्या जलतरण तलावावर तरंगायला शिका आणि पुढच्या हंगामात समुद्रात उतरा, असे मी सुचवीन. यंदाच जायचे ठरले असेल, तर छातीभर पाण्यात उभे राहून, चेहरा बुडवून, नुसत्या तोंडाने पाच मिनिटे शांतपणे श्वास घेता येतो का, हे आधी करून पाहण्याची अट घाला. हा सराव न देता थेट होडीतून पाण्यात उतरवणाऱ्यांना नकार द्यावा. आणखी एक खूण ध्यानात ठेवा : पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ "मला वर न्या" असा होतो. आपल्याकडे सगळे ठीक आहे असे सांगण्यासाठी सवयीने अंगठा दाखवला जातो आणि प्रशिक्षक बिचारा निमूटपणे वर घेऊन येतो. ठीक आहे हे सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

प्रश्न : मला जवळचा चष्मा नाही, लांबचा उणे तीनचा आहे. मिशाही भरघोस आहेत. मास्कमध्ये पाणी शिरेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मास्कच्या आत चष्मा बसत नाही. नंबरच्या काचा लावलेला मास्क काही केंद्रांकडे मिळतो, तो आधी मागून ठेवा; मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, फक्त मास्कमध्ये पाणी आले तर डोळे मिटून घ्यावेत. तसेही पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि सुमारे एक चतुर्थांशाने जवळ भासतात, त्यामुळे उणे एक-दीड नंबर असणाऱ्यांना बहुधा काही जाणवतही नाही. आपल्याला जाणवेल. मिशांमुळे थोडे पाणी शिरणारच. नाकाखालच्या कडेला पातळ व्हॅसलीन लावणे हा उपाय बहुतेक वेळा पुरतो. कोल्हापूरकराला मिशा कापा असे सांगण्याची माझी तयारी नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी अंदमानात मी अठरा मीटरपर्यंतचे प्राथमिक प्रमाणपत्र घेतले. आता मित्रासोबत एखाद्या सोप्या, उथळ ठिकाणी स्वतः आखून डुबकी मारायची आहे. स्वराज द्वीपावरील निमो रीफ की मालवण, असा प्रश्न आहे. हवेचा हिशेब कसा करावा? मालवणहून त्याच दिवशी आंबोलीमार्गे पुण्याला परतता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आखणीचा सराव करायचा असेल तर निमो रीफ अधिक सोयीचे आहे. तेथे किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येते, तळ हळूहळू उतरत जातो, आणि पाणी मालवणच्या मानाने सहसा खूपच नितळ असते. सोबती डोळ्यांसमोरून हरवणार नाही, ही दोघांनीच आखलेल्या पहिल्या डुबकीत फार मोठी गोष्ट आहे. मालवणला गेलात तर स्थानिक मार्गदर्शक सोबत घ्यावा. बहुतेक केंद्रे त्याशिवाय सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. आंग्रिया बँकेचे नाव आपल्या कानांवर येईल; तो पाण्याखालचा पठारी भाग किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे आणि त्याचा सर्वांत उथळ माथाही वीसेक मीटर खाली आहे. तो विषय काही वर्षे बाजूला ठेवा.

हवेचा हिशेब उदाहरणाने सांगतो. नेहमीच्या ॲल्युमिनियम सिलिंडरची पाण्याने मोजलेली क्षमता साधारण 11 लिटर असते. तो 200 बार भरला, तर 2,200 लिटर हवा हाती येते. पृष्ठभागावर येताना 50 बार शिल्लक असलेच पाहिजेत, म्हणून वापरासाठी 150 बार, म्हणजे 1,650 लिटर उरते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असतील, तर सहा मीटरवर दाब 1.6 बार असल्यामुळे 32 लिटर लागतील आणि हवा सुमारे 51 मिनिटे पुरेल. दहा मीटरवर 40 लिटरप्रमाणे 41 मिनिटे, आणि अठरा मीटरवर 56 लिटरप्रमाणे जेमतेम 29 मिनिटे. वर्षभराने पाण्यात उतरणाऱ्याचा आणि थोडा ताण असलेल्याचा खर्च 25 लिटरपर्यंत सहज जातो, म्हणून दोघांपैकी ज्याला अधिक हवा लागते त्याचाच आकडा धरावा. दाबाखाली श्वासातून अंगात नायट्रोजन मुरतो, त्यामुळे पाण्याखाली राहण्याच्या वेळेवर मर्यादा असते; ती उथळ पाण्यात फारशी आड येत नाही : प्रचलित तक्त्यानुसार एकाच डुबकीसाठी दहा मीटरवर 219 मिनिटे आणि अठरा मीटरवर 56 मिनिटे मिळतात, म्हणजे तक्ता संपण्याच्या कितीतरी आधी सिलिंडर संपतो. म्हणून आपली आखणी हवेच्या काट्यावर बेतलेली असावी.

कागदावर किंवा पाटीवर तीनच आकडे लिहा : सर्वाधिक खोली, मिनिटे आणि परत फिरण्याचा दाब. किनाऱ्यावरून आत जाऊन तेथेच परतायचे असल्यास वापरण्याजोग्या हवेचा तिसरा हिस्सा जाताना, तिसरा येताना आणि तिसरा राखीव, असे धरावे. आपल्या उदाहरणात 150 बारांपैकी 50 संपले की फिरायचे, म्हणजे काटा 150 वर आला की दोघांनीही वळायचे, समोर कितीही देखणा मासा असो. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर पाणीच परत आणते. सोबती दिसेनासा झाला तर एक मिनिट जागच्या जागी गोल फिरून शोधावे, नंतर सावकाश वर यावे. दोघांनीही हेच करायचे हे आधी ठरलेले असले की वर भेट होतेच. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत ठेवावा, आणि दहा मीटरवरून येत असलात तरी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची सवय मोडू नये.

उथळ पाण्यात तरंगण्याचा तोल सांभाळणे खोल पाण्यापेक्षा अवघड असते, याची कल्पना असू द्या. चार मीटरवर जाकिटातील हवेत अर्ध्या मीटरच्या चढउतारानेही जाणवण्याइतका फरक पडतो; माणूस नकळत वर तरंगू लागतो, मग घाईने हवा सोडतो आणि थेट प्रवाळावर बसतो. म्हणून कमरेच्या पट्ट्याचे वजन पृष्ठभागावरच तपासावे. जाकीट रिकामे आणि श्वास नेहमीसारखा असताना पाणी डोळ्यांच्या पातळीवर आले पाहिजे. भरलेला सिलिंडर शेवटी दोनेक किलोने हलका होतो, तेवढे वजन वाढवून घ्यावे. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे. तुटून पडलेला तुकडाही आठवण म्हणून उचलू नये. माशांना पाव खाऊ घालण्याची मालवणातील रीत आपण तरी पाळू नका.

परतीचा प्रश्न आपण विचारलात, हे फार बरे केले. अंगात मुरलेला नायट्रोजन उंचीवरच्या कमी दाबात जाण्यापूर्वी निघून जावा, म्हणून डुबकीनंतर विमानप्रवासासाठीची मान्य शिफारस अशी आहे की, एकाच साध्या डुबकीनंतर किमान 12 तास आणि एकाहून अधिक डुबक्यांनंतर किंवा सलग दिवस उतरल्यास किमान 18 तास थांबावे. चिपी किंवा मोपाहून विमान धरणाऱ्यांनी तिकीट काढतानाच हे पाहावे. ही शिफारस ज्या उंचीपासून लागू मानली जाते ती सुमारे 610 मीटर आहे, आणि आंबोली 690 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे मोटारीने गेल्याने नियमातून सुटका होत नाही. चाचणी डुबकीवाले पाच-सहा मीटरवर पंधरा मिनिटे राहतात, त्यांच्या अंगात नायट्रोजन इतका थोडा मुरलेला असतो की त्यांना घाटाची भीती बाळगण्याचे कारण नाही. आपण मात्र दहा-बारा मीटरवर दिवसातून दोन डुबक्या मारणार असाल, तर त्या रात्री मुक्काम किनाऱ्यावरच ठेवा. सकाळी अकरापर्यंत दुसरी डुबकी संपवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून निघाल्यावर घाट लागेपर्यंत 18 तास उलटून गेलेले असतात.